रुमाल टाकलेली नावं

एस.टी. स्टँडात शिरत असताना, ती थांबायच्या आत, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची कला मी कॉलेजात शिकलो. आमचं गाव धावडा. जालना जिल्हा, तालुका भोकरदन, अजिंठ्याच्या डोंगराकडचा भाग. बी.कॉम.ला जालन्याला होतो, दर शनिवारी गावी यायचो आणि भोकरदनच्या स्टँडावर धावड्याच्या गाडीत रुमाल टाकायचो. तीन वर्षांत जमाखर्चाचा ताळा एकदाही धड जमला नाही, पण रुमालाचा नेम कधी चुकला नाही.

रुमालाचे नियम घटनेत लिहिलेले नाहीत, म्हणूनच ते सगळे पाळतात. ज्याचा रुमाल त्याची जागा. रुमाल मळका असला तरी हक्क स्वच्छ. धनी खाली टपरीवर चहा पीत असला तरी चालतो. गाडीत माणसं उभी राहतील, पण रुमालावर कोणी बसणार नाही.

हीच विद्या पुढे बेचाळिसाव्या वर्षी मला उत्पन्नाचं साधन वाटेल, असं त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. आज हसत नाही.

मी बँकेत क्लार्क आहे. म्हणजे होतो. २०२४ सालच्या करारात आम्हां क्लार्क मंडळींचं नामकरण 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' असं झालं. काउंटर तोच, खुर्ची तीच, खुर्चीचं मोडलेलं चाकही तेच. नाव मात्र असं की घरी सांगितलं तेव्हा सौ.नं विचारलं, "म्हणजे बदली कुठं झाली?"

क्लार्कला जोडधंद्याचा सोस असतोच. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजून माणसाच्या बोटांना एक प्रकारची भूक लागते. कोरफडीच्या लाटेत मी कोरफड लावली. ती म्हशीनंही खाल्ली नाही. इमू पाळण्याच्या लाटेतून मात्र वाचलो, कारण भागीदार होऊ घातलेल्या मित्राला इमूनं आधीच लाथ मारली.

नोव्हेंबर २०२३ मध्ये, चहाच्या वेळी, आमच्या कॅशियरनं तिसरी लाट आणली. "नावं विकत घ्या," तो म्हणाला.

"कुणाची?"

"कुणाचीच नाही. ज्यांचं अजून कुणी काही केलं नाही, अशी."

मग त्यानं समजावलं. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता असतो. आकडे माणसाच्या ध्यानात राहत नाहीत. आमच्याकडे खाते क्रमांक विचारला की खातेदार छताकडे पाहतो, हा तर रोजचा अनुभव. म्हणून १९८३ साली आकड्यांऐवजी नावं वापरायची व्यवस्था निघाली. तेच डोमेन नेम. 'डॉट कॉम' शेपटाचं पहिलं नाव १५ मार्च १९८५ रोजी नोंदलं गेलं. १९९५ पर्यंत नाव फुकट मिळायचं; मग दोन वर्षांचे शंभर डॉलर झाले. त्या साली मी नववीत होतो आणि आमच्या गावात फोन असलेली घरं बोटांवर मोजता येत होती. संधी अशी शाळेत असतानाच निघून गेली.

"बिझनेस डॉट कॉम हे नुसतं नाव १९९९ साली पंचाहत्तर लाख डॉलरला गेलं," कॅशियर म्हणाला. नोटा मोजायच्या यंत्रासारखा त्याचा आवाज लागला होता. "व्हॉइस डॉट कॉम २०१९ साली तीन कोटी डॉलरला. तुवालू नावाचा देश आहे, वस्ती सगळी मिळून अकरा हजारांच्या आसपास. त्याच्या वाट्याला 'डॉट टीव्ही' हे शेपूट आलं. ते भाड्यानं देऊन आलेल्या पैशांतून तो २००० साली संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद झाला. अँग्विला बेटाला 'डॉट एआय' मिळालं. २०२३ साली त्यांच्या सरकारचं पाचवा हिस्सा उत्पन्न त्या दोन अक्षरांतून!"

तुवालूचं ऐकून मला आमच्या ग्रामपंचायतीची घरपट्टी आठवली आणि गलबलून आलं.

"पण नाव विकलं जाईपर्यंत काय करायचं?" मी विचारलं.

"पार्क करायचं. पार्किंगवाल्या कंपन्या असतात. नाव त्यांच्याकडे लावून ठेवायचं. कुणी ते नाव टाकलं की एक पान उघडतं, त्यावर जाहिराती. बघणाऱ्यानं जाहिरातीवर बोट ठेवलं की जाहिरातदार पैसे मोजतो. त्यातला थोडा भाग आपला. आपण झोपलेलो असलो तरी."

आपण झोपलेलो असताना मिळणारं उत्पन्न! वाचकहो, मी कॉमर्सचा पदवीधर आहे. बारावीच्या पुस्तपालनात 'ख्याती' नावाचं एक प्रकरण होतं. धंद्याच्या नावलौकिकाचीही किंमत असते, ती हाताला लागत नाही पण ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला बसते, असा त्याचा मथितार्थ. सरासरी नफ्याला वर्षांनी गुणलं की झालं. त्यात एक गोम होती. आधी धंदा असावा लागतो, मग नफा, मग ख्याती. मी ते प्रकरण शेवटून वाचायचं ठरवलं.

भांडवलाचा प्रश्न होता. तो सौ.च्या भिशीनं सोडवला. भिशीचे वीस हजार लागले होते आणि ते माझ्या खात्यात 'सुरक्षित' ठेवायला दिले होते. बायका बँकेतल्या माणसाशी लग्न करतात त्याला काही अर्थ असतो.

रात्री साडेअकराला, घर झोपल्यावर, मी नावं धरायला बसलो. 'डॉट इन' नावांचा कारभार निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया पाहते. २००५ साली ही नावं सर्वांना खुली झाली. नियम एकच, जो आधी येईल त्याचं. म्हणजे शुद्ध रुमालाचाच कायदा. मला एकदम भोकरदनच्या स्टँडावर आल्यासारखं वाटलं.

पण गाडी माझ्याआधी वीस वर्षं भरत होती. शेती, सोनं, लग्न, जमीन, सगळ्या खिडकीकडच्या जागा गेलेल्या. एका प्रसिद्ध कंपनीच्या नावात एक अक्षर बदलून घ्यावं असंही मनात आलं. पण कॅशियरनं सावध केलं. मुंबई उच्च न्यायालयानं १९९९ सालीच 'रेडिफ'च्या शेजारी 'रॅडिफ' मांडून बसणाऱ्याला उठवलं होतं. २००४ साली सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की डोमेन नेमला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण आहे. 'डॉट इन'मध्ये तर दुसऱ्याचं नाव वाईट हेतूनं धरलं तर लवाद ते काढून घेऊ शकतो. दुसऱ्याच्या रुमालावर आपला रुमाल टाकू नये, हे मला स्टँडावरच शिकवलेलं होतं.

मग मी आपल्या मातीकडे वळलो. धावडा, वालसावंगी, पिंपळगाव रेणुकाई हा सगळा मिरचीचा पट्टा. 'धावडामिरची डॉट इन' मोकळं होतं. घेतलं. धावडा हे झाडाचंही नाव. त्याचा डिंक बाळंतिणीच्या लाडवांत पडतो. 'डिंकलाडू' घेतलं. 'मोंढ्याचाभाव', 'मकाविका' घेतलं. आणि आपला धंदा म्हणून 'गावचीबँक', 'बँकवाला', 'सोपीबँक' अशी पाच बँकेची नावं घेतली. पहाटे दोनपर्यंत सतरा नावं झाली. पहिल्या वर्षाचा सवलतीचा भाव सरासरी तीनशे रुपये, एकूण पाच हजार शंभर. सतरा ठिकाणी माझी स्थावर मालमत्ता झाली होती. त्या रात्री मी जमीनदारासारखा झोपलो, म्हणजे डाव्या कुशीवर.

पुढच्या रविवारी गावी चुलत्यांना, तात्यांना, सांगितलं. तात्यांचं ऐंशीच्या घरात वय, पण डोकं तिखट.

"म्हंजे पडीक प्लॉट घेतला अन् त्याच्यावर बोर्ड लावला," तात्या म्हणाले.

"तसंच काहीसं."

"प्लॉटवर गवत तरी उगवतंय. शेळ्या तरी चरतात. तुह्या नावावर काय उगवतंय?"

"जाहिराती उगवतात, तात्या."

"मंग शेळ्या कोन?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. पुढे दोन वर्षांनी मिळालं.

उत्पन्न सुरू झालं. पहिल्या महिन्यात शून्य. दुसऱ्यातही शून्य, पण ते मी जरा निराळ्या अपेक्षेनं पाहिलं. तिसऱ्या महिन्यात चार सेंट आले. चार सेंट म्हणजे सव्वातीन रुपये. पण ते डॉलरमध्ये होते! परकीय चलन कमावणारा आमच्या घराण्यातला मी पहिलाच. हे उत्पन्न प्राप्तिकरात कोणत्या सदराखाली दाखवावं ह्याचा मी दोन रात्री विचार केला. बँकेच्या परवानगीशिवाय इतर व्यापार करणं हे आमच्या सेवाशर्तींत गैरवर्तन आहे, तेव्हा चार सेंटसाठी परवानगीचा अर्ज करावा का, ह्याचा तिसऱ्या रात्री. एकूण, आपण झोपलेलो असताना पैसे मिळणार होते, त्यांनीच झोप घालवली. शिवाय वीस डॉलर साठल्याखेरीज कंपनी पैसे पाठवत नाही.

वर्ष सरलं आणि नूतनीकरणाची पत्रं आली. पहिल्या वर्षाचा भाव हा जावयाचा भाव असतो. दुसऱ्या वर्षापासून खरा भाव. दर नावाला साडेआठशे. सतरा नावांचे चौदा हजार चारशे पन्नास. मी रुमाल उचलायचं जवळजवळ ठरवलं होतं.

पण ऑक्टोबर २०२४ मध्ये पेपरांत ती बातमी आली होती. दिल्लीच्या एका तरुणानं २०२३ मध्येच 'जिओहॉटस्टार डॉट कॉम' हे नाव नोंदवून ठेवलं होतं, दोन कंपन्या एकत्र येतील ह्या अंदाजानं. त्या एकत्र आल्या. त्यानं त्या पानावर पत्र लिहिलं की मला केंब्रिजला शिकायचंय, कंपनीनं नाव घ्यावं आणि शिक्षणाचा खर्च द्यावा. कॅशियर ती बातमी घेऊन काउंटर ओलांडून आला. "बघा! अंदाज! तुमचंही एखादं लागेल."

मी सतराच्या सतरा नावांचे पैसे भरले. भिशीचे साडेचारशे रुपये उरले. बातमीचा पुढचा भाग मी पैसे भरल्यावर वाचला. कंपनीनं त्या तरुणाचं म्हणणं मानलं नाही. ते नाव दुबईतल्या दोन लहान भावंडांकडे गेलं आणि त्यांनी ते कंपनीला फुकट देऊ केलं. बातमी नेहमी शेवटपर्यंत वाचावी. ताळेबंदही.

मग २०२५ साल उजाडलं. ७ फेब्रुवारीला रिझर्व्ह बँकेनं जाहीर केलं की लोकांची फसवणूक थांबावी म्हणून सगळ्या बँकांनी 'डॉट बँक डॉट इन' ह्या खास शेपटाखाली यावं. ते फक्त बँकांनाच मिळेल आणि हैदराबादची आयडीआरबीटी ही एकच संस्था ते देईल. मुदत ३१ ऑक्टोबर २०२५. आमच्या शाखेत ह्याची सूचना फलकावर लावायचं काम कुणाकडे आलं असेल? माझ्याच हातांनी, माझ्याच पाच नावांची मयताची चिठ्ठी मी चार टाचण्यांनी टोचली. साहेब मागून म्हणाले, "आणि काय हो, बँक नसताना नावात 'बँक' शब्द लावून धंदा करायला १९४९ च्या बँकिंग कायद्याच्या सातव्या कलमाचीच बंदी आहे ना?" साहेब पदोन्नतीच्या परीक्षेचा अभ्यास करत होते, दुसरं काही नाही. पण एक टाचणी माझ्या बोटात गेली.

त्याच वर्षी गूगलनं जाहिरातदारांना अशा पार्क केलेल्या पानांतून मूळचंच वगळलं. ज्याला तिथं जाहिरात हवी त्यानं ती मुद्दाम मागावी. माझं उत्पन्न आटलं. सप्टेंबरअखेर एकूण जमा, दोन डॉलर चाळीस सेंट.

आणि ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या तोंडावर, चमत्कार झाला. 'धावडामिरची'वर माणसं येऊ लागली. रोज दहा, पंधरा, एके दिवशी चाळीस! चार डॉलर आणि दोन सेंट एका महिन्यात. शिवाय पार्किंगच्या पानावरून कुणीतरी नाव विकत मागितलं. कंपनीनं माझ्या वतीनं इंग्रजीत कळवून टाकलं, किंमत एक हजार नऊशे नव्व्याण्णव डॉलर. तो आकडा मीच एका रात्री भरून ठेवला होता. म्हणजे पावणेदोन लाख! मी सौ.साठी दिवाळीला पैठणीची किंमत विचारून आलो.

लक्ष्मीपूजन झालं, आणि पाडव्याला धावड्याच्या ओसरीवर गावातली चार पोरं आली. तिशीच्या आतली, शिकलेली. त्यांनी दोन वर्षं खपून मिरची वाळवून, कांडून, पाकिटं भरून थेट पुण्या-मुंबईला पाठवायला सुरुवात केली होती.

"काका, तुम्ही बँकेत हाये, कॉम्प्युटरचं समजतं तुम्हाला. आमचं एक काम अडलंय."

"बोला."

"आमच्या मिरचीचं नाव पेपरात आलं. लोक नेटवर 'धावडामिरची' टाकतात. अन् तिथं कोन्या भामट्यानं आधीच बसून ठेवलंय. आमचं गिऱ्हाईक तिथं जातं, तर पिझ्झा अन् वजन कमी करायच्या गोळ्या दिसतात. एका बाईनं पुण्याहून फोन केला, म्हने मिरची मागितली अन् गोळ्याचं पान उघडलं. आम्ही भाव विचारला, तर पावनेदोन लाख म्हनतोय. पत्ता लपवून ठेवलाय त्यानं. आता शेवटी एक अक्षर जास्तीचं टाकून दुसरं नाव घेतो. पन कोन असंल हो हा मानूस?"

मी चहाच्या कपात पाहिलं. तात्यांच्या प्रश्नाचं उत्तर समोर चार खुर्च्यांवर बसलं होतं. शेळ्या कोण? पुण्याची ती बाई. मिरची शोधत आलेली जी जी माणसं वाट चुकली, त्यांच्या चुकण्याचे ते चार डॉलर होते. माझ्याकडे कुणीच आलं नव्हतं. माझ्याकडे येण्यासारखं होतं काय?

"बघतो," मी म्हणालो. पोरं गेली.

तात्या कोपऱ्यात सुपारी कातरत होते. त्यांना सगळं ठाऊक होतं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुला आठवतं का रे, तू पाचेक वर्षांचा असशील. तुह्या मायला ताप होता. भोकरदनला डॉक्टरला दाखवून येत व्हतो."

मला आठवलं. गाडीत एकच जागा मोकळी होती आणि तिच्यावर निळ्या चौकटीचा रुमाल होता. आई त्या जागेच्या दांडीला धरून उभी राहिली. मी तिच्या लुगड्याला. तात्यांनी कंडक्टरला विचारलं, तो म्हणाला, "येईल धनी, चहा घेत असेल." घंटी वाजली, गाडी सुटली. धनी आलाच नाही. गाडी चुकली असेल, नाहीतर विचार बदलला असेल. पण कुणीच त्या जागेवर बसलं नाही, आई तर नाहीच. तिनं आयुष्यात दुसऱ्याच्या वस्तूला हात लावला नव्हता. धावडा येईपर्यंत रुमाल बसून आला आणि माझी आई उभी.

"रुमाल टाकनं वाईट नाही," तात्या म्हणाले. "टाकला तर येऊन बसावं. नाही तर उचलावा."

दुसऱ्या दिवशी मी पोरांना बोलावलं आणि तो भामटा कोण ते सांगितलं. चौघं एकमेकांकडे पाहायला लागले. त्यांतला धाकटा म्हणाला, "काका, मंग आम्हाला इंग्रजीत पत्र कामून धाडलं?"

नाव दुसऱ्याला द्यायला एक गुप्त क्रमांक लागतो. तो मी कागदावर लिहून दिला. त्यांनी खर्च विचारला. मी तीनशे अधिक साडेआठशे, अकराशे पन्नास सांगितले. कमी सांगितले असते तर सौ.ला काय तोंड दाखवणार होतो? पोरांनी पैसे दिले आणि वर दोन किलो तिखट.

ते तिखट घरी उघडताना भिशीचा विषय निघालाच. मी ताळेबंद मांडला. खर्च, एकोणीस हजार पाचशे पन्नास. जमा, सहा डॉलर बेचाळीस सेंट, जे वीस डॉलर न झाल्यामुळे कधीच मिळायचे नाहीत. पोरांचे अकराशे पन्नास. हातात साडेचारशे.

सौ.नं शांतपणे ऐकलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "आणि उरलेली सोळा नावं?"

"सोडून देतो. ह्या महिन्यात मुदत संपते."

"त्यात 'डिंकलाडू' पण आहे?"

"आहे."

"ते सोडू नका. साडेआठशे माझ्याकडून घ्या. ह्या थंडीत मी लाडू करते. निदान कुणी विचारत आलं तर घरात कुणीतरी असेल."

पंधरा नावं गेली. 'गावचीबँक' गेली तेव्हा मला काडीचं वाईट वाटलं नाही. लाडवांच्या आतापर्यंत सात ऑर्डरी आल्या, त्यांतल्या दोन माहेरच्या. सरासरी नफा काढून त्याला वर्षांनी गुणायचा मोह मी आवरलाय. ख्याती काढायला अजून थोडा अवकाश आहे.

परवा भोकरदनच्या स्टँडावर धावड्याची गाडी लागत होती. सवयीनं हात खिशात गेला, रुमाल निघाला, खिडकीही समोर आली. मी त्यानं तोंड पुसलं आणि दाराशी रांगेत उभा राहिलो. जागा मिळाली नाही. पण घाट येईपर्यंत माझ्याशेजारी उभी राहून एक म्हातारी मिरचीच्या भावाबद्दल बोलत होती, आणि तिला उत्तर द्यायला मी तिथं होतो.